सीजीएचा बर्फ: बरोबर मोजणारा कंट्रोलर आणि भलताच बाइट

आयबीएमचा पहिला पीसी, मॉडेल ५१५०, ऑगस्ट १९८१ मध्ये आला. त्याच्या पडद्यासाठी दोन कार्डं मिळायची. एमडीए हे एकरंगी, निव्वळ मजकुराचं. सीजीए हे रंगीत, मजकूर आणि चित्रं दोन्ही दाखवणारं. या सीजीएवर ८० रकान्यांचा मजकूर लावा आणि एखाद्या प्रोग्रामला पडद्याच्या मेमरीत थेट लिहू द्या, की पडद्यावर जिकडेतिकडे बारीक रंगीत तुकडे लुकलुकायला लागतात. लिहिणं थांबलं की लुकलुकणंही थांबतं, आणि मजकूर पाहावा तर एक अक्षरही बिघडलेलं नसतं. जुन्या मशीनच्या नादी लागलेली मंडळी याला ‘स्नो’, म्हणजे बर्फ, म्हणतात.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला रॅम गेल्याची शंका येते, नाहीतर केबल सैल असल्याची. दोन्ही साफ चूक. कार्ड अगदी धडधाकट असतं आणि कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासून असंच वागत असतं. पडद्याचा कंट्रोलर नेमकं काय करतो आणि काय करत नाही, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं प्रकरण माहीत नाही, म्हणून ते इथे पुरतं उलगडून मांडतो.

लक्षणं

थोड्या चिकाटीने पाहिलं तर पाच गोष्टी हाती लागतात.

तुकडा फक्त एका स्कॅन रेषेइतका, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर एका दमात काढतो त्या आडव्या रेषेइतका, उंच असतो आणि साधारण एका अक्षराइतका रुंद, म्हणजे ८ ठिपके. अख्खं अक्षर कधी बिघडत नाही, त्याची एखादी चीर बिघडते. दुसरं, तुकडा एका फ्रेमपुरता, म्हणजे झोत अख्खा पडदा एकदा रंगवेपर्यंत, जगतो. पुढच्या फ्रेमला तिथे बरोबर मजकूर असतो. तिसरं, मेमरीत नुसतं वाचलं तरी बर्फ पडतो, लिहायलाच हवं असं नाही. चौथं, ४० रकान्यांच्या मजकुरात किंवा ग्राफिक्स मोडमध्ये तो पडत नाही, तेच कार्ड आणि तोच प्रोग्राम असला तरी.

पाचवी गोष्ट सगळ्यांत बोलकी आहे. प्रोग्राम डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात एकच अक्षर पुन्हा पुन्हा लिहीत बसला तरी बर्फ तिथे पडत नाही, तो पडदाभर विखुरतो. प्रोग्राम कुठे लिहितोय याच्याशी त्या तुकड्याच्या जागेचा काही संबंध नाही. तुकडा उमटतो तो त्या क्षणी इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर जिथे असेल तिथे.

वाचूनही बर्फ पडतो आणि पुढच्या फ्रेमला सगळं ठीक असतं, एवढ्यावरून मेमरीतला मजकूर शाबूत आहे हे कळतं. म्हणजे घोळ साठवण्यात नाही, मेमरीतून पडद्याकडे नेताना वाटेत कुठेतरी आहे. आता ती वाट पाहू.

६८४५ काय करतो

सीजीएच्या मध्यभागी मोटोरोलाची ६८४५ ही चिप आहे. तिला सीआरटी कंट्रोलर म्हणतात (सीआरटी म्हणजे झोताने चित्र काढणारी पडद्याची नळी) आणि नाव ऐकून वाटतं की अक्षरं रंगवण्याचं काम तीच करत असेल. प्रत्यक्षात पडद्यावरच्या मजकुराचा एकही बाइट या चिपमध्ये शिरत नाही. तिला ‘अ’ दिसत नाही, रंग दिसत नाही. ती फक्त मोजते.

तिला एक ठेका मिळतो, कॅरॅक्टर क्लॉक. कार्डावरचा मूळ क्लॉक १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा. एका ठिपक्याला सुमारे ७० नॅनोसेकंद आणि ८ ठिपक्यांच्या अक्षराला ५५९. प्रत्येक ठोक्याला ६८४५ एक पत्ता पुढे सरकते. किती ठोक्यांची एक रेषा, किती रेषांची एक ओळ, किती ओळींची एक फ्रेम, हे सगळं तिच्या रजिस्टरांत, म्हणजे आकडे ठेवायच्या छोट्या कप्प्यांत, आधी भरून ठेवावं लागतं. ८० रकान्यांच्या मोडमध्ये पीसीचा बायोस, म्हणजे मशीनमध्येच कायमचा भरलेला मूळ प्रोग्राम, शून्य क्रमांकाच्या रजिस्टरात ११३ टाकतो, म्हणजे एका रेषेला ११४ ठोके. त्यातले ८० दिसणारे. उरलेल्या ३४ ठोक्यांत झोत बंद असतो आणि उजवीकडून डावीकडे परत येतो. उभ्या दिशेलाही तसंच: चौथ्या रजिस्टरात ३१, म्हणजे ३२ ओळी, प्रत्येकी ८ रेषांच्या, वर पाचव्या रजिस्टराच्या ६ रेषा. बेरीज २६२. त्यातल्या २५ ओळी म्हणजे २०० रेषा दिसतात, ६२ आड राहतात.

हे गुणाकार करून पाहण्यासारखे आहेत. एक रेषा ६३.७ मायक्रोसेकंदांची, त्यातली ४४.७ दिसणारी आणि १९ परतीची. फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, सेकंदाला जेमतेम ६०. पुढचं सगळं प्रकरण या चार-पाच आकड्यांभोवती फिरतं.

चिपमधून बाहेर येतं ते एवढंच: मेमरीचा १४ बिटांचा पत्ता, ओळीतली कितवी रेषा चालू आहे ते सांगणाऱ्या पाच तारा, आडवी आणि उभी सिंक (झोताला पुढच्या रेषेसाठी आणि पुढच्या फ्रेमसाठी परत फिरवणाऱ्या खुणा), कर्सरची खूण, आणि आत्ता झोत दिसणाऱ्या भागात आहे की नाही हे सांगणारी ‘डिस्प्ले इनेबल’ नावाची तार. ही शेवटची लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका अक्षराचा प्रवास

शून्यापासून मोजत पाचव्या ओळीच्या दहाव्या रकान्यात इंग्रजी मोठा ‘ए’ आहे असं धरू. ओळीत ८० रकाने, म्हणजे जागा क्रमांक ४१०. प्रत्येक जागेला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा, म्हणून मेमरीत तो ८२० व्या बाइटवर. प्रोसेसरच्या नजरेने पत्ता हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, बी८३३४, कारण सीजीएची मेमरी बी८००० पासून सुरू होते. तिथे ४१ आहे, त्याच्या शेजारी रंगाचा ०७, काळ्यावर फिकट करडा.

झोत पडद्यावरच्या ४० व्या रेषेवर येतो आणि दहाव्या रकान्याशी पोचायच्या थोडं आधी ६८४५ पत्ता देते: ४१०. कार्ड त्याचे दोन पत्ते करतं आणि मेमरीतून एकामागोमाग दोन बाइट काढतं, ४१ आणि ०७. पहिला बाइट कॅरॅक्टर रॉमला, म्हणजे अक्षरांचे ठिपके कायमचे साठवलेल्या चिपला, जातो, सोबत ‘कितवी रेषा’ हा आकडा, आत्ता शून्य. रॉम उत्तर देतो: ००११००००. हे आठ बिट शिफ्ट रजिस्टरात पडतात आणि एकेक करून बाहेर निघतात. एक आला की अक्षराचा रंग, शून्य आला की पार्श्वभूमीचा. ‘ए’ चं टोक, दोन ठिपके, उमटलं.

पुढच्या रेषेला झोत पुन्हा दहाव्या रकान्याशी येतो. ६८४५ पुन्हा तोच पत्ता देते, ४१०, फक्त रेषेचा आकडा आता १. कार्ड पुन्हा ४१ आणि ०७ काढतं. रॉम म्हणतो ०११११०००. पुढची ११००११००, मग पुन्हा तीच, मग आडवी दांडी ११११११००. असं आठ वेळा. कार्डाला आठवण अशी नाहीच. नुकताच वाचलेला ‘ए’ पुढच्या रेषेसाठी कुठे ठेवून द्यावा अशी सोयच त्यात नाही. एका फ्रेममध्ये प्रत्येक अक्षर आठदा वाचलं जातं. ४००० बाइटांचा मजकूर दाखवायला फ्रेमगणिक ३२,००० वाचनं होतात, सेकंदाला १९ लाखांच्या वर.

पहिल्या लक्षणाचं कोडं इथेच सुटतं. आठांपैकी एका वाचनात भलताच बाइट हाती लागला तर बिघडणार ती एकच रेषा. उरलेल्या सात वेळा ‘ए’ बरोबर उमटेल.

जाता जाता: कॅरॅक्टर रॉम ८ किलोबाइटची होती आणि एमडीए व सीजीए दोन्ही कार्डांवर तीच बसायची. एका कार्डाचे ठसे, म्हणजे अक्षरांचे आकार, दुसऱ्यावर नुसते पडून राहायचे. सीजीएसाठी तिच्यात दोन ठसे होते, एक जाड आणि एक बारीक. बारीक हवा असेल तर कार्डावर जंपर जोडावा लागे.

टक्कर

आता वेळेचा हिशेब. ५५९ नॅनोसेकंदांत दोन वाचनं, म्हणजे एका बाइटला २७९. सीजीएवरची १६ किलोबाइट मेमरी डायनॅमिक रॅमची आणि ८ बिट रुंद. ८० रकान्यांच्या मोडमध्ये दिसणाऱ्या भागातलं मेमरीचं एकूणएक आवर्तन कंट्रोलरच्या वाट्याला गेलेलं असतं. प्रोसेसरसाठी काहीच शिल्लक नाही.

इतर मोडमध्ये चित्र वेगळं आहे. ४० रकान्यांत अक्षर दुप्पट रुंद, त्यामुळे तेच दोन बाइट दुप्पट वेळात लागतात. ग्राफिक्समध्ये एका रेषेला ८० बाइट पुरतात, तर ८० रकान्यांच्या मजकुराला १६०. म्हणजे बाकी सगळीकडे निम्मी आवर्तनं मोकळी असतात आणि प्रोसेसरला त्यांत सरकवता येतं. चौथं लक्षण हे असं, निव्वळ भागाकाराने समजतं. गंमत म्हणजे चित्रं दाखवायला मेमरीची जितकी धावपळ होते त्याच्या दुप्पट साध्या मजकुराला होते, आणि हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

मग भरल्या वेळेत प्रोसेसर आला तर? मेमरीच्या चिपला पत्त्याच्या तारांचा एकच संच असतो आणि त्यावर एका वेळी एकाचाच पत्ता बसतो. सीजीएची रचना अशी की प्रोसेसर जिंकतो. ६८४५ चा ४१० बाजूला पडतो, प्रोसेसरचा पत्ता बसतो आणि त्याचा बाइट लिहिला किंवा वाचला जातो. पण कार्डाच्या पुढच्या भागाला यातलं काही कळवलेलं नसतं. ठरल्या वेळी तो डेटा बसवर, म्हणजे बाइट वाहून नेणाऱ्या तारांवर, जे असेल ते उचलतो. तिथे आता प्रोसेसरचा बाइट असतो. तोच कॅरॅक्टर रॉमला जातो, किंवा रंगाच्या जागी धरला जातो, आणि झोत जिथे आहे तिथे उमटतो.

६८४५ ने यात काहीही चूक केलेली नाही. तिची मोजणी एका ठोक्यानेही ढळलेली नसते. ढळली असती तर सगळी ओळच सरकली असती. तिचा पत्ता बरोबर होता, उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाचं मिळालं.

पडदा पुसतानाचं उदाहरण घ्या. प्रोग्राम सगळीकडे रिकामं अक्षर लिहितोय, हेक्स २०, आणि रंग ०७. त्यातला २० जर रंगाच्या जागी पकडला गेला तर? रंगाच्या बाइटमध्ये वरच्या बाजूचे बिट पार्श्वभूमीचे, आणि २० मध्ये पेटलेला एकमेव बिट हिरव्याचा. म्हणजे काळ्या पडद्यावर ८ ठिपक्यांची हिरवी आडवी चीर. ०७ अक्षराच्या जागी गेला तर सात क्रमांकाचं अक्षर म्हणजे मधोमध गोळी. तिच्या वरच्या दोन आणि खालच्या दोन रेषा कोऱ्या आहेत, त्यामुळे त्या रेषांवर नुसती फट दिसेल आणि मधल्या चारांवर छोटा ठिगळासारखा तुकडा. बर्फाचा रंग यदृच्छेने येत नाही. प्रोग्राम त्या घडीला कुठला बाइट हाताळतोय त्यावर तो ठरतो.

प्रोसेसरला थांबवलं का नाही

हा प्रश्न मला खऱ्या अर्थाने या प्रकरणाचा गाभा वाटतो. बसवर प्रोसेसरला थांबवायची सोय होतीच. कार्ड ‘रेडी’ ची तार खाली ओढून धरू शकतं आणि ८०८८, म्हणजे पीसीचा प्रोसेसर, निमूट वाट पाहतो. सीजीए स्वतःही असे थोडे वेट स्टेट, म्हणजे थांबण्याचे ठोके, घालतंच. मग रेषा संपेपर्यंत धरून का नाही ठेवलं?

कारण रेषेचा दिसणारा भाग ४४.७ मायक्रोसेकंदांचा आहे, आणि पीसीच्या बसचा नियम असा होता की ती तार प्रोसेसरच्या १० क्लॉकहून, म्हणजे ठोक्यांहून, जास्त खाली धरायची नाही. ४.७७ मेगाहर्ट्झला १० क्लॉक म्हणजे जेमतेम २.१ मायक्रोसेकंद. नियम हौसेने केलेला नव्हता. पीसीची मुख्य मेमरीही डायनॅमिक रॅमचीच. तिच्यातला विद्युतभार गळून जाऊ नये म्हणून साधारण दर १५ मायक्रोसेकंदांनी डीएमएचा (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरी हाताळणाऱ्या सर्किटाचा) शून्य क्रमांकाचा चॅनेल एक वाचन करून तिला ताजं करतो. बस ४५ मायक्रोसेकंद अडवून धरली तर ही पाळी चुकते, आणि पडदा स्वच्छ ठेवण्यापायी मुख्य मेमरीच धोक्यात येते.

म्हणजे हार्डवेअरला नुसतं थांबवून सुटका नव्हती. मेमरी जास्त वेगवान घ्यायची, नाहीतर १६ बिट रुंद करून अक्षर आणि रंग एकदम वाचायचे, हे दोन सरळ मार्ग होते. दोन्हींनी कार्ड महागलं असतं. एमडीएवर ४ किलोबाइट स्टॅटिक रॅम (असं ताजं करावं न लागणारी) होती आणि त्याचा कॅरॅक्टर क्लॉक जवळजवळ सीजीएइतकाच असूनही तिथे बर्फ नाही. पण एमडीएला मजकुराचं एकच पान सांभाळायचं होतं. सीजीएला चित्रांसाठी १६ किलोबाइट हवे होते, आणि तेवढी स्टॅटिक रॅम त्या काळी परवडली नसती असं माझं मत आहे. मग आयबीएमने तिसरा रस्ता धरला: डिस्प्ले इनेबलची तार उलटी करून एका पोर्टवर, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल अशा क्रमांकावर, आणून ठेवली आणि सांभाळून वागण्याची जबाबदारी प्रोग्रामरवर टाकली.

हा त्रास एकट्या सीजीएचा नव्हे. १९७७ च्या टीआरएस-८० मॉडेल १ वरही प्रोसेसर पडद्याच्या मेमरीत शिरला की रेघा ओढल्यासारखं दिसतं. त्याच वर्षीच्या ॲपल २ मध्ये मात्र नाही, कारण तिथे ६५०२ प्रोसेसर क्लॉकच्या एका अर्ध्या भागातच मेमरीकडे जातो आणि दुसऱ्या अर्ध्यात पडद्याचं वाचन उरकलं जातं. रचना देखणी आहे यात वाद नाही. पण तिला एका रेषेला ४० बाइट पुरवायचे होते, सीजीएला १६०, हेही ध्यानात ठेवावं. कमोडोर पेटच्या पहिल्या आवृत्तीत रॉम झोत परतण्याची वाट पाहून मगच अक्षर लिहायचा. ही वाट टाळून छपाई वेगवान करायला लोक ५९४५८ या पत्त्यावर ६२ लिहायचे. पुढच्या आवृत्त्यांत सर्किट बदललं आणि हीच युक्ती मॉनिटरला अपाय करू शकेल अशी झाली. म्हणून तिला ‘किलर पोक’ हे नाव चिकटलं.

उपाय

पोर्टचा क्रमांक हेक्स ३डीए. त्यातला शून्यावा बिट १ असेल तर झोत आड आहे, खुशाल लिहा. तिसरा बिट १ असेल तर उभी सिंक चालू आहे. या दोन बिटांवर पुढची काही वर्षं प्रोग्रामरांनी काढली.

पहिला उपाय बायोसचा: दर अक्षराला आडव्या परतीची वाट पाहणं. त्यात बारकावा असा की शून्यावा बिट १ दिसला म्हणून लगेच लिहून चालत नाही. तुम्ही १९ मायक्रोसेकंदांच्या अगदी शेवटी डोकावला असाल. म्हणून आधी बिट शून्य होईपर्यंत थांबायचं, मग इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच दुसऱ्या कामाला लावणारे इशारे) बंद करायचे, मग तो १ व्हायची वाट पाहायची, आणि झाल्या झाल्या लिहायचं. पोर्ट वाचा, बिट तपासा, परत फिरा या तीन सूचनांना ८०८८ वर कागदोपत्री २८ क्लॉक लागतात, सहाएक मायक्रोसेकंद. तेवढी चुकामूक धरली तर १९ पैकी १३ हाती राहतात. अक्षर आणि रंग लिहायला तीन-चार जातात. एक जोडी निर्धास्त बसते, दुसरी कदाचित.

एका रेषेला एक अक्षर, फ्रेमला २००, अख्ख्या पडद्याला १० फ्रेम, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. काही न पाहता धडाधड लिहिलं तर हेच काम एका फ्रेमच्या आत उरकतं. दसपटीहून जास्त फरक, आणि तो डोळ्यांना जाणवतो. लोटस १-२-३ या स्प्रेडशीटसारखे प्रोग्राम बायोसला वळसा घालून थेट मेमरीत का लिहायचे याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

दुसरा उपाय उभ्या परतीचा. ६२ रेषा म्हणजे ३.९५ मिलिसेकंद, सुमारे १८,८०० क्लॉक. ८०८८ ची सलग नक्कल करणारी सूचना शब्दाला २५ क्लॉक घेते, म्हणजे वेट स्टेट धरले नाहीत तरी साडेसातशेच्या आसपास अक्षरं. पडदा २००० चा. तीन फ्रेम तरी लागणारच.

आणि इथे एक सापळा आहे ज्यात खूप जण अडकतात. तिसऱ्या बिटाची वाट पाहिली की उभी परत सुरू झाली असं समजायचा मोह होतो. पण सहाव्या रजिस्टरात दिसणाऱ्या ओळी २५ आहेत आणि सातव्यात सिंकची जागा २८. शेवटची दिसणारी ओळ संपल्यावर तीन ओळी, म्हणजे २४ रेषा गेल्यावर सिंक येते. तोवर दीड मिलिसेकंद वाया. उरलेल्या ३८ रेषांत साडेचारशे अक्षरं मावली तर नशीब. पूर्ण ६२ रेषा हव्या असतील तर शून्याव्या बिटावर नजर ठेवून तो आडव्या परतीपेक्षा जास्त काळ १ राहतोय का ते पाहावं लागतं.

तिसरा उपाय आडदांड: चित्रच बंद करणं. ८० रकान्यांत पडदा वर सरकवताना मूळ बायोस नेमकं हेच करतो. मोडच्या रजिस्टरात, पोर्ट ३डी८ वर, हेक्स २५ लिहून झोत विझवतो, मजकूर सरकवतो आणि पुन्हा पेटवतो. बर्फ नाही, पण दर ओळीला पडदा मिचकावतो. डॉसमध्ये लांबलचक यादी पाहताना सीजीएवर जो लखलखाट होतो तो हा. बर्फापेक्षा हा जास्त त्रासदायक आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

चौथा उपाय बऱ्याच जणांना सुचतो आणि चालत नाही. १६ किलोबाइटमध्ये मजकुराची चार पानं मावतात. मग न दिसणाऱ्या पानावर निवांत लिहावं आणि ६८४५ ची सुरुवातीच्या पत्त्याची रजिस्टरं बदलून पान पालटावं. कल्पना छान, पण बर्फ तेवढाच पडतो. पान दिसतं की नाही याच्याशी टकरीला घेणंदेणं नाही. चिप त्याच, पत्त्याच्या तारा त्याच. लपलेल्या पानावर लिहितानाही प्रोसेसर दिसणाऱ्या पानाचं वाचन हुकवतो. चाचणी म्हणून मात्र हा प्रयोग उत्तम: पडद्यावर एकही अक्षर बदलत नसताना बर्फ पडताना दिसतो, आणि टकरीचा सिद्धांत मनात पक्का बसतो.

त्याच रजिस्टरांचा खरा उपयोग मजकूर सरकवायला आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यांत शहाणा उपाय हाच. पडदा एक ओळ वर न्यायचा तर ४००० बाइट हलवायची गरजच नाही. बाराव्या आणि तेराव्या रजिस्टरांतला सुरुवातीचा पत्ता ८० ने वाढवा. ६८४५ पुढच्या फ्रेमपासून एक ओळ खालून मोजायला लागते, आणि पडदा सरकतो. लिहायची उरते फक्त नवी तळची ओळ, ८० अक्षरं, जी एका उभ्या परतीत आरामात बसतात. मेमरीच्या शेवटी पोचल्यावर कंट्रोलरच्या बाजूने पत्ता आपोआप सुरुवातीला येतो. प्रोसेसरच्या बाजूने मूळ सीजीएवर तीच १६ किलोबाइट बीसी००० पासून पुन्हा एकदा दिसते, त्यामुळे तिथेही वळण सोपं जातं. अडचण एवढीच की पडद्याची सुरुवात बी८००० लाच आहे असं गृहीत धरणारा दुसरा प्रोग्राम मध्येच लिहायला आला, की त्याचा मजकूर भलत्याच ओळीवर पडतो. बहुतेक प्रोग्राम तसंच गृहीत धरायचे, म्हणून ही पद्धत म्हणावी तशी रुजली नाही.

पुढे काय झालं

सॉफ्टवेअरवाल्यांनी हा प्रश्न वापरणाऱ्याच्या पुढ्यात ठेवला. टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या साधनातल्या सीआरटी नावाच्या भागात ‘चेकस्नो’ नावाचा एक चल आहे. खरा ठेवला तर प्रत्येक अक्षराआधी झोताची वाट पाहिली जाते, खोटा केला तर सरळ लिहिलं जातं. ज्यांच्याकडे बर्फ न पाडणारं सीजीए-सुसंगत कार्ड होतं त्यांनी तो खोटा करून वेग मिळवायचा. कार्डाच्या मेमरीतलं २७९ नॅनोसेकंदांचं भांडण अशा रीतीने प्रोग्रामच्या सेटिंगपर्यंत येऊन पोचलं.

१९८४ च्या ईजीए या आयबीएमच्या पुढच्या कार्डात मेमरीची आवर्तनं पडद्याला आणि प्रोसेसरला वाटून देणारं वेगळं सर्किट आलं आणि बर्फ संपला. ६८४५ चिपही तिथे नाही, पण तिच्या रजिस्टरांची ठेवण बरीचशी ईजीएत आणि १९८७ च्या व्हीजीएत उतरली. पोर्ट ३डीएचा शून्यावा आणि तिसरा बिटही तसाच राहिला, तोच अर्थ घेऊन.

आज बर्फ पाहायचा असेल तर ८६बॉक्स या एम्युलेटरमध्ये (आजच्या संगणकावर जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) सीजीए कार्डाच्या सेटिंगमध्ये त्यासाठी चौकोन आहे. तो चालू केला की प्रोसेसरने पडद्याच्या मेमरीला हात लावताच एम्युलेटर झोताचा त्या क्षणाचा रकाना काढतो आणि प्रोसेसरचा बाइट त्या रेषेपुरता तिथे चिकटवतो. चौकोन चालू ठेवा, ८० रकान्यांत जा, आणि चार ओळींचा असा प्रोग्राम लिहा जो बी८००० वरचा एकच बाइट नुसता वाचत राहील. तिथे तुम्ही कुठलं अक्षर ठेवलंय त्यानुसार बर्फ बदलतो. २० ठेवून पाहा, मग ७०, मग ४१.